माजी विद्यार्थिनींच्या पाचशे रुपयांनी कॉलेजचं काय होतं?

जून २०२३मध्ये इन्फोसिसचे नंदन निलेकणी यांनी आपल्या जुन्या संस्थेला, आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. त्यांनी आधी दिलेले ८५ कोटी धरले तर आकडा ४०० कोटींवर जातो. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या १९९८च्या बॅचने पदवीला पंचवीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने ५७ कोटी जाहीर केले. पवईचे हे आकडे वाचून आपण ‘वा!’ म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. पण दादर, पार्ले किंवा चर्चगेटच्या एखाद्या मुलींच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर ‘यंदा प्रत्येकीने जमेल तेवढी मदत करावी’ असा मेसेज पडला, की सगळ्या एकदम गप्प होतात. दोघी-तिघी हात जोडल्याची खूण टाकतात. मग एखादी धीट बाई विचारते, “कॉलेजला सरकारी अनुदान आहे ना? मग आपल्याकडे कशाला मागतायत?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर माजी विद्यार्थिनी संघ बहुतेकदा भावनेला हात घालतात. कँटीनचा समोसा, जिन्यातल्या गप्पा, लेडीज डब्यात पाठ केलेल्या नोट्स. मला हे उत्तर लंगडं वाटतं. कॉलेजचा जमाखर्च नीट कळला तर समोशाची आठवण काढावी लागत नाही. म्हणून आधी जमाखर्च.

कॉलेजचा महिना भागतो कसा

मुंबईतली बरीचशी जुनी कला आणि विज्ञान महाविद्यालयं अनुदानित आहेत. म्हणजे तिथल्या मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार राज्य सरकार देतं. हा कॉलेजच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग. तो सरकार उचलतं म्हणूनच अनुदानित बीएची फी आजही अनेक ठिकाणी एखाद्या बऱ्या शाळेच्या ज्युनिअर केजीपेक्षा कमी असते.

मेख अशी, की अनुदान मिळतं ते मंजूर आणि भरलेल्या पदाला. कुणी प्राध्यापक निवृत्त झाले आणि नव्या भरतीला मंजुरी आली नाही, तर तो विषय तासिका तत्त्वावर नेमलेली शिक्षिका शिकवते. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, कधी पीएच.डी. झालेली माणसं अशी वर्षानुवर्षं राबताना मुंबईत कुठल्याही स्टाफरूममध्ये दिसतील. शिवाय माध्यम, व्यवस्थापन असे नंतर सुरू झालेले अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित असतात. त्यांचा सगळा खर्च त्यांच्याच फीमधून निघावा लागतो. वाचनालयातली नवी पुस्तकं, ऑनलाइन नियतकालिकांची वर्गणी, वीज, गळणारी गच्ची, मुलींशी बोलायला समुपदेशक या कशाचीही सोय पगाराच्या अनुदानात नाही. फी वाढवून ही तूट भरावी म्हटलं तर अनुदानित वर्गांची फी कॉलेजला मनाला येईल तशी वाढवता येत नाही. येऊही नये.

हे सोसायटीच्या भाषेत चटकन कळेल. मेंटेनन्समधून वॉचमनचा पगार, पाण्याचं बिल, झाडलोट होते. लिफ्ट बदलायची किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली की मेंटेनन्स अपुरा पडतो, तिथे सिंकिंग फंड लागतो. ज्या सोसायटीने तो साठवलेला नसतो, तिथे ऐन जूनमध्ये दर फ्लॅटमागे लाखाची मागणी निघते आणि सर्वसाधारण सभेत आवाज चढतात. अनुदान आणि फी हा कॉलेजचा मेंटेनन्स आहे. सिंकिंग फंड कुणी भरायचा, एवढाच वादाचा मुद्दा.

कंपन्या देतात की!

देतात, पण कुणाला ते बघा. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. हा पैसा वार्षिक अहवालात दाखवायचा असतो, त्यामुळे तो दिसणाऱ्या गोष्टींकडे धावतो: संगणक कक्ष, डिजिटल वर्ग, सौर पॅनेल. ज्यावर फलक लावता येतो त्याला पैसा लवकर मिळतो. ड्रेनेजच्या पाइपवर फलक लावत नाहीत.

विषयाचाही फरक पडतो. मी ज्या कॉलेजांविषयी बोलते आहे ती लिबरल आर्ट्सची. हा शब्द हल्ली महागड्या खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत फार दिसतो, पण अर्थ साधा आहे: एका विशिष्ट नोकरीसाठी तयार न करता साहित्य, इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, गणित, विज्ञान यांतून विचार करायला शिकवणारं शिक्षण. आपली जुनी बीए-बीएस्सीची कॉलेजं हेच करत आली आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजला एखादी कंपनी प्रयोगशाळा बांधून देते, कारण तिथून तिला माणसं मिळतात. तत्त्वज्ञान विभागाकडून कुठल्या कंपनीला काय मिळणार? त्या विभागाचा उपयोग झालेला जो माणूस आहे, तो म्हणजे तिथून शिकून गेलेली मुलगी. तिच्याकडे नाही मागायचं तर मागायचं कुणाकडे?

आठ कोटी डॉलर असूनही टाळं

आता या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा फरक: बांधलेला पैसा आणि मोकळा पैसा. देणगीदाराने ‘हे फक्त अमुक पारितोषिकासाठी’ किंवा ‘फक्त तमुक इमारतीसाठी’ असं लिहून दिलं की तो पैसा बांधला गेला. कॉलेज संकटात असलं तरी तो दुसरीकडे वळवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अट नसेल तर तो मोकळा.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. व्हर्जिनिया राज्यात स्वीट ब्रायर नावाचं मुलींचं कॉलेज आहे. १९०१ साली एका बाईंच्या मृत्युपत्रातून, त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ ते उभं राहिलं. ३ मार्च २०१५ रोजी कॉलेजने जाहीर केलं, की हे आपलं शेवटचं वर्ष. विद्यार्थिनी, शिक्षक, माजी विद्यार्थिनी, सगळ्यांनाच धक्का बसला. कारण कॉलेजच्या कायम निधीत तेव्हा आठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम होती. कायम निधी, ज्याला आपल्याकडे ट्रस्टच्या भाषेत कॉर्पस म्हणतात, तो म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त उत्पन्न वापरायचं अशी ठेव. त्या आठ कोटींतला मोठा भाग बांधलेला होता. मोकळा हिस्सा दरवर्षीची तूट भरण्यात झिजत होता आणि प्रवेश घटत होते.

पुढे जे घडलं ते वाचताना मला आपल्याकडच्या सोसायटीतल्या खमक्या काकू आठवतात. माजी विद्यार्थिनींनी ‘सेव्हिंग स्वीट ब्रायर’ नावाची संस्था काढली, वकील नेमले, कोर्टात गेल्या आणि फोनाफोनी करून पैसे जमवायला लागल्या. जून २०१५मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या मध्यस्थीने तडजोड झाली: माजी विद्यार्थिनींनी १ कोटी २० लाख डॉलर द्यायचे आणि कायम निधीतल्या १ कोटी ६० लाख डॉलरवरची बंधनं अॅटर्नी जनरलने सैल करायची. अध्यक्ष बदलले, विश्वस्तही बदलले. बायकांनी पैसे वेळेत भरले. कॉलेज आजही चालू आहे.

या गोष्टीत मला रकमेपेक्षा तिची जात महत्त्वाची वाटते. आठ कोटींतला मोठा भाग बांधलेला असताना दार बंद होत होतं, आणि नवे-जुने मिळून दोन कोटी ऐंशी लाख मोकळे झाल्यावर ते उघडं राहिलं.

तीनशे जणींचा हिशेब

“माझ्या पाचशे रुपयांनी काय होणार?” ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते. गणित करून बघू. तीनशे जणींनी महिना पाचशे रुपये दिले तर महिन्याला दीड लाख, वर्षाला १८ लाख होतात. एवढेच १८ लाख व्याजातून हवे असतील तर ७ टक्के दराने किती ठेव लागेल? अडीच कोटींच्या वर. म्हणजे आपापल्या फोनवरून पाचशे रुपये पाठवणाऱ्या तीनशे बायका मिळून अडीच कोटींच्या ठेवीचं काम करतात, आणि त्यासाठी कुठल्याही शेठजींच्या बंगल्यावर जाऊन बसावं लागत नाही.

खरं तर ठेव याहूनही मोठी हवी, कारण सगळं व्याज खर्चून टाकलं तर महागाई मुद्दल खाऊन टाकते. म्हणून अमेरिकेतली कॉलेजं साधारणपणे निधीच्या साडेचार-पाच टक्केच दरवर्षी काढतात.

छोटी रक्कम मोठी होते ती नियमितपणामुळे. एकदाच आलेल्या दोन लाखांतून प्रोजेक्टर येतो. दरवर्षी येणार याची खात्री असलेल्या दोन लाखांतून कॉलेज समुपदेशक नेमू शकतं, किंवा बदलापूरहून येणाऱ्या एखाद्या मुलीला “तुझ्या तिन्ही वर्षांची परीक्षा फी आम्ही बघू” असा शब्द देऊ शकतं. शब्द द्यायला पुढच्या वर्षीचा पैसा दिसावा लागतो.

आणि किती जणींनी दिलं हा आकडा वेगळा मोजला जातो. नॅक, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था, आपल्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद घेते. मोठ्या देणगीदारापुढेही ‘आमच्या आठशे मुली दरवर्षी देतात’ हे वाक्य वजनदार ठरतं. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध क्रमवारीत माजी विद्यार्थ्यांपैकी किती टक्के देणगी देतात याला कितीतरी वर्षं गुण होते. २०२३मध्ये ते काढून टाकले. माझ्या मते बरं झालं, कारण गुणांसाठी पाच-पाच डॉलर गोळा करण्याचा खेळ तिथे रंगायला लागला होता.

मुलींच्याच कॉलेजचं वेगळं काय?

चर्चगेट परिसरात दोन नावं बघा. ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे आपलं एसएनडीटी. टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव दिलं. १८७८ साली तो पूर्ण झाला. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. त्याला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं. दोन्ही दानं थोर. त्यांच्याशिवाय मुंबईतल्या कितीतरी जणींच्या आज्या शिकल्या नसत्या. पण दोन्हीकडे नाव आईचं आणि सही मुलाची होती. त्या काळी बाईच्या हातात सही करण्याजोगा पैसा क्वचितच असे.

तो आज कितपत आहे? २०२३-२४च्या सरकारी श्रमबल पाहणीनुसार शहरी भागात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २८ टक्केच काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. म्हणजे ज्यांच्याकडे हात पसरायचा त्यातल्या पुष्कळ जणींचं स्वतःचं उत्पन्नच नाही. कमावणाऱ्यांपैकी अनेक जणी शिक्षिका, अनुवादक, पत्रकार, समाजसेविका. स्टार्टअप विकून आलेले कोट्यवधी इथे अपवादानेच सापडतील. ज्या पुढे जाऊन एमबीए किंवा परदेशी पदवी घेतात त्यांना ती शेवटची संस्था आधी गाठते, कारण तिच्याकडे देणगी विभाग असतो, पगारी माणसं असतात. बीएचं कॉलेज मागे राहतं.

त्यात आणखी एक अडचण आहे आणि ती फक्त बायकांच्या कॉलेजला आहे. १९८९च्या रजिस्टरमध्ये असलेली कुलकर्णी आज देशपांडे असते, पत्ता गिरगावातून डोंबिवलीला आणि तिथून ह्यूस्टनला गेलेला असतो. मुलांच्या कॉलेजला जुना विद्यार्थी आडनावावरून सापडतो. इथे हजारो मुली नोंदवहीत आहेत आणि शोधू जाता सापडत नाहीत.

म्हणूनच अशा कॉलेजने आयआयटीची वाट धरू नये असं मला वाटतं. एका निलेकणींची वाट बघण्यात अर्थ नाही. मेरी लायन या बाईंनी १८३७ साली अमेरिकेत माउंट होलिओक सुरू केलं ते हिरवी मखमली पिशवी घेऊन घरोघरी फिरून. शेतकऱ्यांच्या बायकांनी त्यात काही सेंटसुद्धा टाकले होते. कर्व्यांची फिरतीही साधारण अशीच होती.

“पण सरकारने मुलींचं शिक्षण मोफत केलं ना?”

जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला, की वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. निर्णय चांगला आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. इतिहासात बीए करणारी मुलगी त्यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत, मात्र कागदपत्रं, पोर्टल, बँक खातं आणि पैसे हातात पडेपर्यंतचे महिने हे सगळं तिलाच निभावावं लागतं. तेवढ्या काळात कुणीतरी हळूच ‘आता पुरे शिक्षण’ म्हणतं. त्या मधल्या महिन्यांसाठी तीन-चार हजार रुपये लागतात, आणि ते लगेच हातात देण्याची सोय सरकारी योजनांत सहसा नसते.

शिवाय फी माफ झाल्याने कॉलेजचा खर्च कमी होत नाही. फक्त तो कोण भरतं ते बदलतं.

“जागा तर कोट्यवधींची आहे”

मुंबईत हा मुद्दा निघणारच. दक्षिण मुंबईत एकरभर आवार असलेली संस्था आणि म्हणे पैसे नाहीत! पण दादरमध्ये तीन कोटींच्या फ्लॅटमध्ये पेन्शनवर राहणारी जोडपी आपल्या ओळखीची असतातच. भाव कागदावर असतो, विजेचं बिल रोख भरावं लागतं. आणि जमीन विकून कॉलेज चालवायचं म्हटलं तर कॉलेज भरायचं कुठे?

‘आम्ही फी भरली होती, हिशेब मिटला’ हा दुसरा मुद्दा. नव्वदच्या दशकात आपण जी फी भरली ती खर्चाच्या तुलनेत किती होती ते आठवून बघा. उरलेला भाग करदात्यांनी आणि आपल्या आधीच्या कुणीतरी दिलेल्या पैशाने भरला. यावर मी जास्त बोलणार नाही, ज्याला पटायचं त्याला एवढ्यात पटतं.

मुलींचं वेगळं कॉलेज आता हवंच कशाला?

हा मात्र खरा प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकात मुलींची दोनशेहून जास्त कॉलेजं होती, आज तीसच्या आसपास उरली आहेत. तिथली ‘सेव्हन सिस्टर्स’ म्हणून गाजलेली सात कॉलेजं घ्या: व्हॅसारने १९६९मध्ये मुलांना प्रवेश दिला, रॅडक्लिफ १९९९मध्ये हार्वर्डमध्ये पूर्ण विलीन झालं, पाच अजून मुलींचीच आहेत.

पैशाने सगळं वाचतं असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजने १९९०मध्ये मुलांना घ्यायचं ठरवलं तेव्हा मुलींनी संप केला, माजी विद्यार्थिनींनी निधीचं आश्वासन दिलं आणि निर्णय मागे घ्यावा लागला. तरीही २०२२मध्ये ते कॉलेज नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. तीस वर्षं जास्त मिळाली म्हणायची की पराभव लांबला म्हणायचा, हे ज्याने-त्याने ठरवावं. त्या तीस वर्षांत शिकलेल्या मुलींना विचारलं तर त्या पहिलंच म्हणतील.

मुंबईपुरतं बोलायचं तर मुलींच्या कॉलेजची गरज मला तत्त्वापेक्षा व्यवहारातून दिसते. अजूनही अनेक घरांत ‘मुलींचं कॉलेज आहे’ या एका वाक्यावर परवानगी मिळते. आत आल्यावर ती मुलगी निवडणूक लढवते, नाटकातला राजाही तीच होते आणि भौतिकशास्त्राचं उपकरणही तीच उघडते, कारण तिथे दुसरं कुणी नसतंच.

देण्याआधी काय विचारायचं

महाराष्ट्रात कॉलेज आणि देणगी हे शब्द जवळ आले की माणूस सावध होतो, आणि ते साहजिक आहे. प्रवेशाच्या बदल्यात पैसे उकळण्याचे प्रकार इतके झाले, की १९८७चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. माजी विद्यार्थिनीच्या देणगीचा प्रवेशाशी संबंध नसतो; तसा कुणी जोडत असेल तर तिथेच थांबावं.

पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते आधी बघा: संस्थेच्या, की माजी विद्यार्थिनी संघाच्या? संघ नोंदणीकृत आहे का? रक्कम कायम निधीत जाणार की चालू खर्चाला? दोन्ही चालेल, पण पावतीवर स्पष्ट असावं. गेल्या वर्षीच्या पैशाचं काय केलं, हे एका पानावर लिहून द्यायला सांगा. जी संस्था एवढ्याने रागावते तिला पाचशे रुपयेही देऊ नयेत. आणि अट घालायची फारच इच्छा असेल तर निम्मी रक्कम तरी मोकळी ठेवा.

करसवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आहे, संस्थेकडे तशी मान्यता असावी लागते आणि दोन हजारांवरची रोख रक्कम धरली जात नाही.

परदेशात असलेल्या मैत्रिणींसाठी नियम निवासावर नसून नागरिकत्वावर आहे. भारतीय पासपोर्ट असलेली दुबईतली मैत्रीण आपल्या वैयक्तिक बचतीतून देत असेल तर तो परदेशी निधी ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलेली मैत्रीण मात्र, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी स्रोत ठरते. तिचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि ते स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. तेव्हा अशा मैत्रिणीने ग्रुपवरच्या क्यूआर कोडवर थेट पैसे पाठवू नयेत, आधी कॉलेजच्या हिशेब विभागाला फोन करावा.